घोंगडीतला लांडगा

माणदेशातल्या लहान पोराला पहिलं जनावर कागदावर भेटत नसे, ते दारात भेटे. रांगायला लागलेलं पोर जायचं ते थेट शेळीच्या पुढ्यात. चित्रं म्हणाल तर बेंदराला कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी, कॅलेंडरात दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आणि मागं उभी असलेली गाय, देव्हाऱ्यातल्या टाकावरचा खंडोबाचा घोडा. एवढ्यावर त्याचं भागे. पुस्तक ही वस्तू अक्षरओळख झाल्यावर हातात द्यायची, आधी दिली तर पोर फाडून ठेवील, असा सगळ्या घरांचा समज. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कुणी मुद्दाम पुस्तक काढतं, त्यात नुसती जनावरं असतात आणि ती एकमेकांची दोस्त असतात, असं सांगितलं असतं तर गावानं विचारलं असतं, "बरं, पण त्यात शिकायचं काय?"

हा प्रश्न एकट्या गावाचा नव्हता. मराठी छापखान्याचाही तोच होता. मराठीत मुलांसाठी म्हणून जी अगदी पहिली पुस्तकं छापली गेली, त्यांत जनावरं आहेतच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरात सरफोजीराजांनी स्वतःचा छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावानं मराठीत छापवल्या. पुढं १८२८ साली मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांची इसापनीती निघाली. तेव्हापासून कोल्हा, सिंह, करकोचा, कावळा ही मंडळी मराठी शाळेत मुक्कामाला आली ती कायमचीच. पण त्यांना शाळेत घेतलं ते एका अटीवर. गोष्टीच्या शेवटी 'तात्पर्य' पाहिजे. कोल्हा द्राक्षं खाऊ शकला नाही, तर त्यावरून काहीतरी शिकलंच पाहिजे. जनावर म्हणजे माणसाला शहाणपण शिकवायला ठेवलेला नोकर.

पंचतंत्रात त्याहून मोठ्या मनाची गोष्ट आहे. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण या चौघांची मैत्री. हरीण पाशात अडकतं तेव्हा उंदीर दातांनी पाश तोडतो, आणि पुढं कासव पारध्याच्या हाती सापडतं तेव्हा हरीण मेल्याचं सोंग घेऊन पडतं. इतकी देखणी दोस्ती जगाच्या वाङ्मयात थोडी असेल. पण ती सांगितली आहे राजपुत्रांना, राज्य कसं चालवावं ते कळावं म्हणून. चार वर्षांच्या पोराला राज्य चालवायचं नसतं. त्याला उंदीर कुठं बसला आणि कासवाच्या पाठीवर काय आहे, ते बघायचं असतं.

लहान मुलाला गोष्ट ही गोष्ट म्हणूनच द्यावी, तिच्या शेपटीला उपदेश बांधू नये, हे आपल्याकडं ठणकावून सांगितलं ते भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी. १९२० साली त्यांनी तिथं बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, तिथं अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर, वारली पोरांच्या अंगणात त्यांनी बालवाड्या भरवल्या. पानं, बिया, शिंपले, दगड हेच तिथलं शिकवायचं साहित्य. आमच्या डी.एड.च्या वर्गात ही नावं परीक्षेपुरती यायची. प्रश्न पाच गुणांचा असे. त्या नावांचा अर्थ मला कळला तो नोकरीत, वाडीवर गेल्यावर.

१९७९ साली माझी नेमणूक झाली ती माण तालुक्यातल्या एका धनगरवाडीवर. चाळीसेक घरं, एक खोली, चार वर्ग, मास्तर मी एकटा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी वाचली होती, त्यामुळं आपण कुठं आलोय याचा अंदाज होता. फरक इतकाच की त्यांच्या कादंबरीतल्या मास्तराच्या वेळी औंध संस्थान होतं आणि माझ्या वेळी जिल्हा परिषद. बाकी माळ तोच, मेंढरं तीच. दिवाळी झाली की वाडे मेंढरं घेऊन पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला उतरायचे. घोड्यावर भांडीकुंडी, करडं, कोंबड्या आणि त्यातच तान्ही पोरं. पावसाच्या तोंडाला परत यायची. म्हणजे शाळेच्या पटावर पोर असायचं बारा महिने आणि शाळेत चार-पाच. म्हातारीजवळ मागं राहिलेली थोडी पोरं तेवढी वर्षभर यायची, आणि त्यांच्या कडेवर त्यांची धाकटी भावंडं. या धाकट्यांचं काय करायचं ते कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. ती दारात बसायची. रडली की वर्ग बंद.

त्या धाकट्यांसाठी मी पुस्तकं शोधायला लागलो.

पुस्तकं मिळाली साताऱ्यात, १९८५ साली एका प्रदर्शनात. लोकवाङ्मय गृहाची मंडळी मॉस्कोहून आलेली पुस्तकं मांडून बसलेली असायची. जाड गुळगुळीत कागद, रंग असे की बोट लावून बघावं, आणि किंमत चहा-भज्याच्या पैशांत. सोविएत सरकार ही पुस्तकं जगातल्या कितीतरी भाषांत छापून जवळजवळ फुकटात वाटत होतं. आधी प्रगती प्रकाशन, आणि १९८२ पासून ललित नि बालसाहित्यासाठी वेगळं काढलेलं रादुगा. मराठीचं भाषांतर मॉस्कोत बसून होई. अनिल हवालदारांसारखी माणसं त्यासाठी तिकडं जाऊन राहिलेली. त्यामागं राजकारण होतं हे आम्हांला कळत नव्हतं असं नाही. पण ज्या राजकारणानं तीन वर्षांच्या पोरासाठी चांगलं अस्वल काढून घेतलं, त्याला मी फार नावं ठेवणार नाही. आमच्या इथल्या राजकारणानं तेवढंही केलेलं नव्हतं. मी घेतलेली काही पुस्तकं मराठीत होती, काही हिंदीत, एक-दोन इंग्रजीत. चित्रांना भाषा लागत नव्हती, गोष्ट मी मराठीत सांगायचो.

या पुस्तकांमागं मोठी परंपरा होती, ते मला सावकाशीनं कळलं. टॉल्स्टॉयनं १८५९ साली आपल्या यास्नाया पोल्याना गावी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा काढली. पुढं १८७२ साली त्यानं अशाच पोरांसाठी अंकलिपीसारखं पुस्तक लिहिलं, 'आझबुका' म्हणजे बाराखडीच म्हणा. 'युद्ध आणि शांती' लिहून झाल्यावर या माणसाला वाटलं की आता कुणब्याच्या पोराला वाचता येईल असं लिहावं. त्यात त्यानं जनावरांच्या लहान लहान गोष्टी घातल्या. त्यातली एक सिंहाची आणि कुत्रीची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाला खायला म्हणून टाकलेली कुत्री तो खात नाही. हुंगतो, पंजानं हळूच हलवून बघतो आणि आपल्या मांसातला तुकडा तिला तोडून देतो. वर्षभर दोघं एका पिंजऱ्यात राहतात. मग कुत्री आजारी पडून मरते. सिंह तिला पंज्यांत धरून पाच दिवस पडून राहतो आणि सहाव्या दिवशी मरतो. बस्स. तात्पर्य नाही. ही गोष्ट सांगून झाल्यावर वर्गात कुणी बोललं नव्हतं. मग दारातली एक म्हातारी, नातवाला घ्यायला आलेली, म्हणाली, "जनावराला कळतंय, मानसालाच न्हाई." तात्पर्य तिनं काढलं, टॉल्स्टॉयनं नाही.

पोरांना चित्र बघायलाही शिकावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याला वाटतं, अक्षर शिकावं लागतं, चित्र कळतंच. तसं नाही. एका चित्रात पुढं ससा आणि मागं लांब डोंगर होता. पोरं म्हणाली, "गुर्जी, डोंगरापेक्षा ससा मोठा कसा?" दुसऱ्या एका पानावर अस्वलाचा अर्धाच देह होता, बाकीचा पानाच्या कडेनं कापला गेलेला. एक पोरगी पान उलटून मागं उरलेलं अस्वल शोधत होती. चारुशिन नावाच्या चित्रकारानं काढलेली लांडग्या-कोल्ह्यांची पिल्लं मात्र सगळ्यांना एका क्षणात कळली. त्या चित्रांत रेघ अशी नाहीच, नुसती लव. पोरं कागदावरून हात फिरवायची आणि हात हुंगायची.

सुतेयेव या चित्रकाराचं एक पुस्तक वाडीवर सगळ्यांत चाललं. हा माणूस मुळात कार्टून सिनेमावाला, सोविएत देशात ती कला सुरू करणाऱ्यांतला, त्यामुळं त्याची चित्रं जागच्या जागी हलतात. गोष्ट साधी. पाऊस येतो. मुंगी एका इवल्याशा भुईछत्रीखाली शिरते. मग भिजलेलं फुलपाखरू येतं, मग उंदीर, मग चिमणी. प्रत्येक वेळी 'जागा नाही, जागा नाही' म्हणत सगळे सरकतात आणि जागा होते. शेवटी कोल्ह्याच्या तावडीतून पळालेला ससा येतो. त्यालाही आत लपवतात आणि कोल्ह्याला हाकलतात. पाऊस थांबल्यावर त्यांना प्रश्न पडतो की आधी एकाला पुरत नव्हती ती छत्री पाचजणांना कशी पुरली?

शहरातली शिकलेली माणसं या प्रश्नावर थोडी अडतात, मी बघितलंय. मैत्री असली की जागा होते, असं काहीतरी उत्तर देतात. वाडीतली पोरं एका दमात म्हणाली, "पावसानं वाढली की ती!" कुत्र्याची छत्री पावसात कशी फुगते हे त्यांनी बांधावर बघितलेलं. बरोबर उत्तरही तेच आहे. दुष्काळी मुलखातल्या पोरांना पाऊस काय काय करतो ते सांगावं लागत नाही.

ही गोष्ट त्यांना पटली याचं आणखी एक कारण होतं. तिच्यात बारकी बारकी जीवं एका बाजूला आहेत आणि कोल्हा बाहेर आहे. मेंढपाळाच्या पोराच्या हिशोबात हे बसतं. जे बसलं नाही ते दुसरंच पुस्तक होतं आणि या सगळ्या पुस्तकांतलं मला सर्वांत आवडलेलं पुस्तकही तेच.

ते होतं हातमोज्याचं. आम्ही सगळ्याच पुस्तकांना 'रशियन' म्हणत होतो, पण ही लोककथा युक्रेनची. आता त्या दोन देशांत काय चाललंय ते आपण बघतोच, म्हणून हे नीट सांगून ठेवतो. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन जंगलातून जात असतो. बर्फात त्याचा लोकरीचा हातमोजा पडतो. त्यात उंदीर शिरतो. मग बेडूक, मग ससा. मग कोल्हीण, मग लांडगा, मग रानडुक्कर आणि शेवटी अस्वल. सगळे दाटीवाटीनं आत. म्हातारा मोजा शोधायला परततो, कुत्रं पुढं धावत येऊन भुंकतं आणि सगळे पांगतात. याची चित्रं राचेव यांची. त्यांनी जनावरांना गावच्या माणसांसारखी कापडं घातली आहेत. आणि पानागणिक तो मोजा घर होत जातो. आधी खाली दोन फळ्या येतात, मग पायऱ्या, मग खिडकी, मग धुराडं. गोष्टीत याचा एक शब्द नाही. सगळं चित्रात.

हातमोजा म्हणजे काय, हे सांगण्यात मी पहिला तास घालवला. "पायमोजा हाताला घालतात" असं सांगून बघितलं. बर्फ म्हणजे गारा, एवढं पोरांनी आपलं आपण ठरवलं. मग मीच म्हणालो, मोजा नको, घोंगडी घेऊ. खिळ्यावर माझी घोंगडी होती, ती अंथरली. जनी उंदीर झाली आणि घोंगडीखाली शिरली. एकेक जनावर आत जाऊ लागलं. बाहेरून विचारायचं, आत कोण? आतून नावं यायची. नवं जनावर आलं की आदल्या सगळ्यांची नावं पुन्हा. या खेळात दारातली धाकटी पोरं पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आली. आठ-दहा दिवस रोज हा खेळ. त्यातून किती नावं, किती विशेषणं, किती क्रम त्यांच्या तोंडी बसला, ते शिक्षणशास्त्रवाल्यांनी मोजावं. मी एवढंच सांगतो, की रडं थांबलं.

हे सगळं १९८९ च्या भाद्रपदातलं. वाडे गावी होते. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात बसायची. त्याच पंधरवड्यात माळावर लांडग्यांची जोडी आली. माणदेशातला लांडगा काही पुस्तकातला लांडगा नव्हे. काटक, तांबूस-करडा, कुत्र्यापेक्षा थोडा उंच. दिवस मावळताना कळपाच्या कडेनं येतो, एक कोकरू उचलतो आणि माणसाला ओरडायला सुचेपर्यंत ओघळीत गायब. त्या पंधरवड्यात एका घरची चार कोकरं गेली. घर बिरूचं. बिरू दुसरीत होता. यातलं एक कोकरू त्यानं स्वतः बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. आई मेलेलं कोकरू होतं ते, रात्री त्याच्याच घोंगडीत निजायचं.

चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला. खेळ सुरू झाला. उंदीर, बेडूक, ससा, कोल्हीण आत गेले. लांडगा झालेलं पोर घोंगडीपाशी आलं आणि बिरू उठून घोंगडीच्या तोंडाशी उभा राहिला.

"ह्येला आत घ्यायचा न्हाई."

मी म्हणालो, "अरे बिरू, गोष्टीत घेतात त्याला."

"गोष्टीत मेंढरू हाय का?"

गोष्टीत मेंढरू नव्हतं. मी पुस्तक उघडून बघितलं सुद्धा. सात जनावरं, त्यात पाळीव एकही नाही. पाळीव म्हणजे एकटा कुत्रा, आणि तो म्हाताऱ्याच्या बाजूचा, घोंगडीच्या बाहेरचा. हे माझ्या आधी कधी ध्यानात आलं नव्हतं. ज्यांच्या पोटापाण्याला लांडग्याची तोशीस नाही, त्यांना त्याला आत घेणं सोपं.

पोरांत दोन तट पडले. काही म्हणाली, थंडीत सगळेच कुडकुडतात, लांडगाबी कुडकुडतो. काही बिरूच्या बाजूची. जनी घोंगडीतून डोकं काढून म्हणाली, "आत ससा हाय की. त्याला त्यानं का खाल्ला न्हाई?" यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. मग कुणीतरी तोड काढली. कुत्रं शेवटी कशाला येतं? त्याला आधीच बसवू दाराशी. कुत्रं दाराशी बसलं की उंदीर, बेडूक, ससा आत, आणि लांडगा आला की तो भुंकणार. झालं. त्या दिवसापासून वाडीवर ही गोष्ट कुत्र्यापासून सुरू व्हायला लागली. डुक्कर आणि अस्वल या भानगडीत गोष्टीबाहेर गेले, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

लोककथांचा अभ्यास करणारे सांगतात की हीच गोष्ट रशियात 'तेरेमोक' म्हणून वेगळ्या रूपानं आहे. तिथं मोज्याऐवजी झोपडी, आणि शेवटी अस्वल छपरावर चढून सगळंच मोडून टाकतं. म्हणजे ज्या गावाला जशी भीती, तसा तिचा शेवट. धनगरांच्या ओव्यांत मेंढरं वारुळातून बाहेर आली अशी कथा आहे. तिलाही वाडा बदलला की फाटे फुटतात. आमच्या पोरांनी केलं ते यात बसणारंच होतं.

बिरूचं तेवढ्यानं भागलं नव्हतं. दोन दिवसांनी मी पुस्तक उघडलं तर ज्या ज्या पानावर लांडगा होता त्या त्या पानावर कागद खरवडलेला. बाभळीच्या काट्यानं, सावकाश. आधी डोळे, मग तोंड, मग सगळा देह. शेजारच्या कोल्हिणीला, सशाला, खिडकीला धक्का लागलेला नाही. इतकी कळ त्यानं पाटीवर कधी काढली नव्हती.

इथं थोडं कपाटाबद्दल, नव्हे पेटीबद्दल सांगायला हवं. खडू-फळा मोहीम १९८७ साली सुरू झाली. तिच्यातून खेड्यापाड्यांतल्या शाळांना साहित्य मिळालं. त्यात पुस्तकंही होती. सरकारनं चांगलं केलं, पण सोबत आलं डेड स्टॉक रजिस्टर. प्रत्येक वस्तूची नोंद. हरवली, मोडली की निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, तो मंजूर होईस्तोवर जबाबदारी मास्तरची, आणि वसुली पगारातून होईल ही धास्ती कायम. परिणाम काय झाला ते त्या काळात खेड्यात शिकलेल्या कुणालाही विचारा. पुस्तकं पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मास्तरच्या जानव्याला नाहीतर करदोड्याला. मुलांसाठी आलेली चित्रं मुलांच्या हातानं खराब होऊ नयेत म्हणून जपलेली. मी माझी विकतची पुस्तकंही 'भेट' म्हणून त्याच रजिस्टरात चढवली होती. शेजारच्या शाळेतले जुने गुरुजी म्हणाले होते, "नोंद करू नका, नोंद झाली की ते सरकारी झालं." पण माझी बदली कधीही होणार होती. नोंद असली तर नंतरचा मास्तर पुस्तकं रद्दीत घालणार नाही, हा माझा हिशोब.

तपासणीला विस्तार अधिकारी आले तेव्हा हातमोज्याचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. त्यांनी पानं उलटली. "हे कुणी केलं?" वर्ग गप्प. बिरू उभा राहिला. मी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि शेरेबुकात लिहिलं, 'वाचनसाहित्याची योग्य निगा राखावी.' वसुली लावली नाही. जाताना मोटारसायकलला लाथ मारता मारता म्हणाले, "कोकराची भरपाई मिळाली का त्यांना?" मिळाली नव्हती. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, त्याला मारायचा नाही, एवढाच भाग वाडीपर्यंत आला होता.

हे पुस्तक बदलून आणावं असं मला वाटलं नाही. आणायचं म्हटलं असतं तरी पुढं मिळालं नसतं. १९९१ च्या डिसेंबरात सोविएत देशच उरला नाही. रादुगाच्या नव्या मराठी पुस्तकांचा ओघ आटला, प्रदर्शनात जुना साठा काही वर्षं विकला गेला आणि संपला. ज्यांनी ती पुस्तकं लहानपणी वाचली ती माणसं आता त्यांच्यासाठी हळहळतात, जुन्या प्रती जपून ठेवतात. ते ठीकच. पण या हळहळीत बहुतेक आवाज शहरातले, निदान तालुक्याच्या गावचे असतात. वाडीवस्तीवर ही पुस्तकं फार थोडी पोचली, आणि पोचली तेव्हा तिथं त्यांच्याशी भांडणही झालं, हे कुठं लिहिलेलं दिसत नाही.

आपल्या मातीतलं एक पुस्तक मात्र वाडीवर बिनतक्रार स्वीकारलं गेलं. शंकर यांनी १९५७ साली दिल्लीत काढलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचं 'महागिरी'. लेखिका हेमलता, चित्रं पुलक बिस्वास यांची. देवळापुढं ध्वजाचा खांब रोवायला हत्ती आणलेला असतो. खड्डा तयार आहे, पण महागिरी खांब सोडत नाही. माहूत अंकुश टोचतो, मारतो, तरी नाही. खड्ड्यात मांजराचं पिल्लू अडकलेलं असतं, ते एकट्या हत्तीला दिसलेलं. ही दोस्ती आमच्या पोरांना समजावून सांगावी लागली नाही. चाबूक खाऊन पुढं न जाणारा बैल त्यांनी बघितलेला. बिरूचा बाप कधी नव्हे तो शाळेच्या दारात टेकला होता, तो म्हणाला, "बैल आडला की आदी रस्ता बगावा गुर्जी, मग बैल." कामाच्या जनावराशी माणसाची जी दोस्ती असते ती लाडाची नसते. तिच्यात मार असतो, ओझं असतं, बाजारही असतो. तरी ती दोस्तीच. असं सांगणारी चित्रपुस्तकं फार कमी आहेत, आणि माझ्या मते लहान मुलांना ती समजतात.

आता पुस्तकांचा तुटवडा तसा नाही. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं काढून मराठी चित्रपुस्तकाला स्वतःचं घर दिलं. एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट आहेत. २००४ साली बेंगळुरूत निघालेल्या प्रथम बुक्सनं स्वस्त पुस्तकं मराठीत आणली, आणि २०१५ पासून त्यांच्या स्टोरीवीव्हरवर ती मोबाइलात फुकट वाचता येतात. जनावरंही इथली आली, चिमणी, म्हैस, खार, गाढव. हे सगळं आमच्या वेळी असतं तर, असं वाटतं. पण वाघरीत बसलेल्या मेंढरांचं, वाड्याबरोबर चालणाऱ्या घोड्याचं आणि कुत्र्याचं, दिवाळीनंतर घर पाठीवर घेणाऱ्या पोराचं मराठी चित्रपुस्तक मला अजून भेटलेलं नाही. भेटलं तर मी ते विकत घेईन आणि रजिस्टरात चढवीन.

बिरू पुढं सातवीपर्यंत शिकला. मेंढरं आहेत त्याच्याकडं, पूर्वीइतकी नाहीत. गवताचे माळ नांगराखाली आले, काहींवर झाडं लावली गेली, आणि मेंढरांबरोबर लांडगाही हटत गेला. सोलापूरकडं नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला तो अजून बघायला मिळतो म्हणतात, तिथं शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन जातात. वाडीवर वर्षावर्षात कुणाला दिसत नाही.

जनी त्याच वाडीत अंगणवाडी सेविका झाली. निवृत्त झाल्यावर एकदा मी तिकडं गेलो होतो तेव्हा तिची अंगणवाडी भरलेली. पेटी तिथंच होती, कुलूप नव्हतं. ती हातमोज्याची गोष्ट सांगत होती, कुत्र्यापासून सुरू केलेली. लांडगा आल्यावर एका बारक्या पोरानं विचारलं, "लांडगा कसा आसतो?" तिनं सवयीनं पान पुढं केलं. डाव्या बाजूला कोल्हीण, खाली ससा, आणि मधे खरवडलेला पांढरा कागद. पोरगं त्या जागेवर बोट ठेवून बघत बसलं. मग जनीनं पुस्तक खाली ठेवलं आणि तोंडानं सांगायला सुरुवात केली. कान कसे, शेपूट कशी खाली धरतो, चालताना पाय कसे टाकतो. भिंतीला टेकून बसलेली एक आजी मधेच म्हणाली, "शेपटी तशी न्हवं ग, आनि खाली." जनीनं हात आणखी खाली नेला.